भरलेली वाटी

भाग्यश्रीनं बॅगेतून वाटी काढली तेव्हा गौतमीचे दोन्ही हात पिठात होते. “मावशी, कुठं ठेवू?” असं विचारत तिनं ओट्यावर कशीबशी जागा केली, वाटी टेकवली, आणि जो आवाज व्हायला हवा होता तो झालाच नाही. रिकामी स्टीलची वाटी कडाप्प्यावर ठेवली की जराशी फिरते, वाजते आणि मग बसते. ही एकदम बसली. वरून धुवट फडक्याचा तुकडा, त्याला दोऱ्याचे वेढे. गौतमीनं पिठाच्या बोटांनीच दोरा ओढला. आत साखर होती. काठोकाठ भरून वरून तळव्यानं सारखी केलेली, जाड दाण्याची साखर. “आईनं दिलीय,” भाग्यश्री म्हणाली, “म्हणली, गाडीवर नीट ने, सांडू नको.” “साखर कशाला?” “मला काय माहीत? तुमची वाटी परत द्यायची व्हती ना.” भाग्यश्री म्हणजे गौतमीच्या थोरल्या बहिणीची, अक्काची धाकटी. रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंग लाइनला होती, तिथंच मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची आणि सुट्टीला आईकडे खुटबावला जाऊन यायची. आज सेकंड शिफ्ट होती, म्हणून घाईत होती. उभ्याउभ्या पाणी प्यायली, ओव्हनच्या काचेतून डोकावून “मस्त वास सुटलाय” म्हणाली. “अक्का बरी हाय ना?” गौतमीनं विचारलं. “बरी हाय आता,” असं म्हणून भाग्यश्री जिना उतरलीसुद्धा. खाली स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. वाटी ओट्यावरच होती.

साखरेची वाटी आली म्हणून कुणी मनाला लावून घेतं का? घेतलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण गौतमीनं घेतलं, आणि ते नेमकं कशासाठी हे तिला लगेच कळलंही. फक्त ते कबूल करायला तिनं वेळ काढला. समोर सफरचंदांचा ढीग पडलेला होता, त्याच्याआड लपता येत होतं. आश्विन लागला की शिरूरच्या बाजारात सफरचंदं अशी येतात की हातगाड्यांवर जागा उरत नाही. कागदाच्या कातरणांत बसून काश्मीर-हिमाचलातून आलेली, खोकी फोडली की गल्लीभर वास. या दिवसांत गौतमीची खरी धांदल. सालं काढायची, मधला दांडा-बी काढून बारीक फोडी करायच्या, लिंबू पिळायचं नाहीतर त्या काळ्या पडतात, मग गूळ किंवा साखर, दालचिनीची पूड, चिमूटभर मीठ. कणीक, लोणी आणि साखर बोटांच्या टोकांनी चोळून चोळून त्याचा रवाळ चुरा करायचा, तो फोडींवर पसरायचा आणि एकेक वाटी ओव्हनमध्ये सरकवायची. इंग्रजीत त्याला ॲपल क्रंबल म्हणतात हे तिला माहीत होतं, स्टिकरवर तसं छापलंही होतं. पण गिऱ्हाइकं “सफरचंदाची वाटी” म्हणूनच मागायची. माणशी एक वाटी. कापायला नको, वाटायला नको, कुणाला मोठा तुकडा गेला म्हणून रुसवा नको. ज्याची त्यानं आपापली घ्यावी आणि खावी. आज समोरच्या ब्लॉकमधल्या ऋतिकाची ऑर्डर होती, गच्चीवरच्या कोजागिरीसाठी. मसाला दुधाबरोबर प्रत्येकाच्या हातात एकेक गरम वाटी, ही ऋतिकाचीच कल्पना. नवरा नागसेन फर्स्ट शिफ्टला गेला होता, मुलगी अनुपमा पुण्यात होस्टेलला. घरात गौतमी, सफरचंदं आणि ती साखर.

ऑर्डरच्या वाट्या पातळ ॲल्युमिनियमच्या. पण घरच्यांसाठी करायची तेव्हा गौतमी आपल्या लग्नातल्या वाट्या घ्यायची. जड बुडाच्या, सरळ काठाच्या. दौंडच्या भांडीबाजारातून अक्कानं आणलेल्या. दुकानातला माणूस नाव घालायचं मशीन घेऊन बसला होता आणि विचारत होता, “बाई, पूर्ण नाव सांगा, गावासकट.” सगळे सांगतात तसं अक्कानं सांगायला हवं होतं, ताईबाई कोंडिबा, मुक्काम खुटबाव. अक्का म्हणाली, “नुस्तं अक्का घाला.” माणूस हसला. “अहो, कळेल कसं कुणाकडून आलं ते?” “तिला कळतंय,” अक्का म्हणाली. गौतमी शेजारीच उभी होती, हिरव्या बांगड्या भरलेल्या हातांची, आणि तिला तेव्हा जरा लाजच वाटली होती, कारण बाकीच्या भांड्यांवर लोकांनी तारखेसकट ओळीच्या ओळी घालून घेतल्या होत्या. या वाट्यांवर दोनच शब्द. गौतमीस, अक्काकडून. ओव्हनमध्ये जाऊन जाऊन त्या अक्षरांत जळका पाक बसला होता, त्यामुळे ती आता नव्यापेक्षा जास्त ठळक दिसायची. साखर घेऊन आलेली वाटी त्यांतलीच होती.

आई गेली तेव्हा गौतमी शाळेतही जात नव्हती. अक्काचं लग्न झालेलं, पदरात अजून मूल नाही. अक्कानं तिला उचललं आणि खुटबावला आणलं. दाजी रेल्वेत गँगमन होते. मेहुणी कायमची घरात आली म्हणून त्यांनी कधी भुवई उचलली नाही, आणि एरवी तरी ते फार बोलायचे नाहीत. तिथंच गौतमी मोठी झाली. खुटबाव स्टेशनावरून सकाळच्या गाडीनं दौंडच्या कॉलेजात गेली, अक्कानं बांधलेला डबा मांडीवर घेऊन. तर त्या घरात भांड्यांचा एक कायदा होता. वस्तीच्या पलीकडे सिंधूबाई राहायच्या, माळव्याची, भाजीपाल्याची मोठी बागायत असलेल्या. अक्का त्यांच्याकडे खुरपायला जायची. कधी सणाला त्यांच्याकडून वाटीभर काही यायचं, आणि ती वाटी परत द्यायला अक्का गौतमीला धाडायची. जाताना वाटी भरलेली असायची. साखर नसेल तर शेंगदाणे, शेंगदाणे नसतील तर मूठभर तांदूळ. सिंधूबाई पायरीवर यायच्या, म्हणायच्या, “ठिव तिथं,” मग तांब्यातलं पाणी वाटीच्या बाहेरून शिंपडायच्या आणि मगच उचलायच्या. गौतमी ते बघून यायची. एकदा रडून म्हणाली, “मी न्हाई जाणार. आन् त्यांना दाणे कशाला द्यायचे, आपल्यालाच पुरंनात.” अक्का भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. “परक्याचं भांडं भरून द्यावं,” ती म्हणाली, “म्हंजी मिटलं. त्यांचं आपल्याकडं काय न्हाई, आपलं त्यांच्याकडं काय न्हाई. आपल्याचं भांडं धुऊन द्यावं. रिकामं. पुन्यांदा येनारच असतंय ते.”

म्हणून गौतमीच्या संसारातली ही वाटी खुटबावला जायची ती भरून, आणि यायची ती रिकामी. भाग्यश्री कंपनीत लागायच्या आधी एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर, कधी दाजींबरोबर. जाताना कधी रव्याचा लाडू, कधी ढोकळा, पुढं पुढं केक. येताना फक्त वाटी. घासून लख्ख केलेली, आत पाण्याचा एखादा थेंब वाळून पडलेला डाग. त्या डागाकडे बघून गौतमीला बरं वाटायचं. आपण अजून त्या घरातल्याच, आपली वाटी त्यांच्या वाट्यांत मिसळते, अक्का तीत कालवण वाढून घेते, आठवण झाली की धुऊन धाडते. याच्यासाठी शब्द लागत नव्हते आणि कुणाला सांगायचीही गरज पडली नव्हती. आणि आज साखर. आपल्या हातानं सारखी केलेली, वरून फडकं बांधलेली साखर. म्हंजी मिटलं.

ओव्हननं टिंग केलं. तिनं तापलेला ट्रे बाहेर काढला, दुसरा सरकवला. चुऱ्याच्या फटींतून सफरचंदाचा रस उकळून वर आला होता आणि कडांना तांबूस चिकट फेस धरला होता. स्टिकरची पट्टी काढून ती एकेका झाकणाला चिकटवायला लागली. सोनेरी गोल, त्यात ‘गौतमीज होम बेक्स’, खाली वळणदार अक्षरांत ‘थँक्यू, पुन्हा अवश्य’. पाचव्या-सहाव्या झाकणापाशी तिचं बोट थांबलं. भाद्रपदात भाग्यश्री निरोप घेऊन आली होती. पोतडीभर ओल्या शेंगा आणि निरोप: आईनं म्हटलंय, मावशीला म्हणावं एकदा येऊन जा. “काय विशेष?” “काय न्हाई, सहजच.” गौरी-गणपतीच्या ऑर्डरी चालू होत्या. मोदकाच्या आकाराचे केक, त्यात चॉकलेट. लोकांना काय काय सुचतं आणि गौतमीला ते सगळं करावं लागतं. तिनं शेंगा घेतल्या, “येते म्हणावं, जरा हे आवरू दे” म्हणाली आणि भाग्यश्रीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून, हंगामातली पहिलीच सफरचंदं घरात होती, त्यांतली एक वाटी भाजून दिली. अक्काच्या वाटीत. झाकण लावलं आणि सवयीनं, निव्वळ हाताच्या सवयीनं, वरून स्टिकर मारलं. थँक्यू, पुन्हा अवश्य. दुकानदारानं गिऱ्हाइकाला म्हणावं तसं तिनं अक्काला म्हटलं होतं. अक्काला वाचता येतं. फार नाही, पण मोठी अक्षरं येतात.

तेवढंच असतं तर बरं होतं, असं तिला फोडींवर दालचिनी भुरभुरताना वाटलं. स्टिकरचं काय, अक्का हसली असती, “लई शाणी झाली आमची गौतमी” म्हणाली असती. नाही, स्टिकरनं अक्का दुखावणारी नव्हती. तेवढ्यात दार वाजलं आणि ऋतिका आत आली, ओढणीनं वारा घेत. “बाई गं, उकडतंय किती! झालं का? मी काही मदत करू?” ऋतिका मूळची वडगाव रासाईची, भीमेकाठची, माहेरी फुलशेती, शेवंतीच्या हंगामात ती माहेरून आली की जिनाभर वास यायचा. स्वभावानं साधी आणि बोलायला मोकळी. तिनं साखरेची वाटी पाहिली. “कुणाकडून आली?” “अक्काकडून. वाटी परत आली.” “हां!” ऋतिका खूश होऊन म्हणाली, “बघा, आता कशी रीतीनं आली. मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत ना.” आणि गौतमीच्या हातातली दालचिनीची डबी तशीच राहिली.

ते तिला आठवत नव्हतं असं नाही. फक्त ते जिथं ठेवलं होतं तिथं ती जात नव्हती. गेल्या वर्षी अशीच दुपार. दाजी काही कामानं शिरूरला आले होते, वाटी देऊन, चहा घेऊन गेले. तेवढ्यात ऋतिका आलेली. वाटी उचलून, आत बघून ती म्हणाली होती, “अय्या, रिकामीच दिली? आमच्याकडे सासूबाई असं करूच देत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालायची असते.” त्यात तिच्या मनात काही नव्हतं. पण गौतमीच्या मनात सगळं आलं. सिंधूबाईंची पायरी आली, तांब्या आला, खाली रेल्वेची टोपी हातात घेऊन जिन्यावरून गेलेले दाजी आले, आणि ही समोर उभी असलेली चांगल्या घरातली, चांगल्या मनाची बाई. आपल्या माणसांना रीत नाही असं हिला वाटायला नको, एवढंच काहीतरी तिच्या डोक्यात चमकलं. सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं: आमच्यात आपल्या माणसाचं भांडं रिकामंच देतात. ते वाक्य तोंडात आलं नाही. त्याऐवजी तिनं फोन उचलला, ऋतिकाच्या समोर, हसत हसत, स्पीकर लावून. “अक्का, अगं वाटी मिळाली. पण काय गं, इकडं रिकामं भांडं देत न्हाईत. चिमूटभर साखर तरी घालत जा की.” पलीकडे कुणीतरी शेळीला हाकललं. मग अक्का म्हणाली, “बरं.” ऋतिका हसली, गौतमीही हसली, विषय संपला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं! त्यानंतर वर्षभर वाटी गेली नव्हती, म्हणजे तिनंच पाठवली नव्हती. भाद्रपदात गेली ती पहिली. आणि अक्कानं ‘बरं’ म्हटलेलं पाळलं होतं.

कोजागिरी झाली. गच्चीवर सगळ्यांनी वाट्या चाटूनपुसून संपवल्या, पुढच्या ऑर्डरी दिल्या. गौतमी हसली, बोलली, खाली येऊन झोपली. सकाळी नागसेन डबा घेऊन निघताना तिनं सांगितलं, “मी खुटबावला जाऊन येते.” “आज? का गं?” “सहजच,” ती म्हणाली आणि भाद्रपदातल्या भाग्यश्रीचा आवाज स्वतःच्या तोंडून ऐकून दचकली. साखर तिनं आपल्या डब्यात ओतली नव्हती. ते तिच्यानं झालं नाही. एका पिशवीत वेगळी बांधली. वाटी घासली, पुसली नाही, तशीच निथळू दिली आणि साखरेशेजारी ठेवली. न्हावऱ्यावरून जाणारी एसटी मिळाली. खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्या, मधेच पाणी धरलेली शेतं, आश्विनातलं डोळ्यांत जाणारं ऊन. भीमेच्या पुलावर गाडी आली तेव्हा तिनं वाटी पिशवीवरूनच चाचपली. काय म्हणायचं हे ती मनाशी जुळवत होती. अक्का, मी तवा चुकले. इतकं सरळ बोलता येईल का? त्या घरात कुणी कुणाची माफी मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. रागावलं की जेवायचं नाही आणि राग गेला की ताट ओढून घ्यायचं, एवढीच पद्धत. आपणही तेच करावं, तिनं ठरवलं. जायचं, सरळ आत शिरायचं, मांडणीवर वाटी ठेवायची आणि चुलीपाशी बसायचं. अक्काला कळेल. तिला कळतंय.

पण अंगणात पाय टाकल्यावर ते राहूनच गेलं. अक्का ओसरीवर बाजेवर बसली होती, डोळ्यांना काळा मोठा चष्मा. दवाखान्यात देतात तसला, बाजूंनीही झाकलेला. “कोन हाय?” तिनं मान वर केली. “मी, अक्का.” “गौतमी व्हय! आगं बाई. ये, ये. आवं, खुर्ची आना की, गौतमी आलीया.” आतून दाजी आले, केस अगदीच पिकलेले. त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली आणि मांडली. त्या घरात गौतमी आजवर खुर्चीवर बसली नव्हती. उंबऱ्यावर, जमिनीवर, पोत्यावर, पाटावर. खुर्ची येणाऱ्या-जाणाऱ्यांची. ती बसली. “डोळ्याला काय झालं?” “काय न्हाई गं. मोतीबिंदू. दौंडला काढला. आता झाक दिसतंय, पन ऊन सोसत न्हाई म्हणून हे.” “कवा?” “झालं की. गणपतीच्या वक्ताला.” “आन् मला कळवलं न्हाई?” गौतमीचा आवाज चढला, चूक कुणाची आणि चढतोय कुणाचा, हे तिचं तिलाच कळत होतं. “कळवलं की,” अक्का शांतपणे म्हणाली. “भाग्याला म्हणलं, आपरेशनचं सांगू नको, उगं घोर लागंल तिला, नुस्तं येऊन जा म्हण. जरा भ्या वाटत व्हतं मला. म्हणलं, टेबलावर घ्यायच्या आधी एकदा तुला बघावं. डोळ्यांचं काय, काय व्हईल सांगता येत न्हाई.” दाजी खांबाला टेकून उभे होते. “मग तुझी सफरचंदं आली,” अक्का पुढं म्हणाली. “मला वाटलं, भाग्या बोलली आसंल. दवाखान्यातल्या मान्साला सफरचंदच धाडतात ना. म्हणलं, कळलंय तिला. कामात आसंल, यायला जमलं नसंल. पन याद ठिवून धाडलं.”

भिंतीच्या कोनाड्यात कुणीकुणी भेटायला आणलेली सफरचंदं होती, साल सुरकुतलेली, काळपट डाग पडलेली. लहानपणापासून तिला माहीत होतं, या गावात सफरचंद म्हणजे आजारी माणूस. खुरपणारी बाई सफरचंद विकत घेत नाही. ते कुणाच्या तरी उशाशी पिशवीत दिसतं आणि मुलांनी मागितलं की “दुखणाईताचं हाय” म्हणून हात मागे घ्यावा लागतो. शिरूरच्या ओट्यावर ती ते विसरली होती. हंगामातलं फळ, दालचिनी, लोणी, माणशी एक वाटी. तिनं आपल्या जागी सफरचंद पाठवलं होतं आणि त्यावर पुन्हा अवश्य असं लिहिलं होतं. त्या दिवशी ती आली असती तर! एका दिवसाचा प्रश्न होता. केकचे मोदक कुणाला आता आठवतही नसतील, आणि इथं एक बाई डोळे जायची भीती मनात धरून रस्त्याकडे बघत होती, आणि रस्त्यानं वाटी आली.

“ही सफरचंदं कुणी खाल्ली न्हाईत,” ती उठत म्हणाली. “दातानं चावतंय व्हय आता मला?” अक्का हसली. “मी करते.” “आगं बस तू. भाग्याचे आबा चहा टाकत्यात.” पण गौतमी आत गेली होती. स्वयंपाकघरात चूल जाऊन गॅस आला होता, मांडणी मात्र तीच. तिनं फोडी केल्या, डाग पडलेला भाग काढून टाकला. ओव्हन नव्हता, कुकरच्या तळाशी मीठ पसरलं, शिट्टी काढली, वर जाळी ठेवली. लोणी नव्हतं, साय होती. बाजरीचं पीठ होतं, ते कोरडंच भाजून घेतलं आणि सायीत चोळलं. पिशवीतली साखर काढली. अक्काचीच साखर, अक्काच्या घरची. दालचिनीचा तुकडा कुठल्याशा मसाल्याच्या पुडीत सापडला. वाटी एकच. ती कुकरमध्ये ठेवून झाकण लावलं आणि भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. हळूहळू वास सुटला. तिच्या सगळ्या हंगामातल्या शेकडो वाट्यांना असा वास आला नव्हता, किंवा असेल, पण तिनं इतका थांबून घेतला नव्हता. बाहेर दाजी म्हणाले, “काय करतीया?” अक्का म्हणाली, “करू द्या.”

अक्कानं चमच्यानं सगळं खाल्लं, तळाशी लागलेलं खरवडून खाल्लं. “ग्वाड झालंय,” ती म्हणाली. “त्या टायमाला आलेलं ते बी ग्वाड व्हतं. वस्तीतल्या बायांना चमचा चमचा दिलं. म्हणलं, माझ्या भनीनं केलंय.” मग गौतमीनं ते बोलून टाकलं. एसटीत जुळवलेलं सगळं विस्कटलं होतं, त्यामुळे जसं आलं तसं. “अक्का, मी तवा फोनवर बोलले ना, साखर घालत जा म्हणून. ती शेजारीण उभी व्हती. मला लाज वाटली. मी चुकले.” अक्कानं चष्म्याआडून तिच्याकडे बघितलं की नाही ते कळलं नाही. “आगं, त्यात काय चुकलं?” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग असता तर गौतमी वाचली असती. “शहराची रीत चांगलीच हाय. मला ठावं न्हवती, तू सांगितलीस. तुला चार मान्सात रहायचं. माझ्यामुळं तुझं नाव कशाला खाली?” “तसं न्हाई, अक्का.” “तसंच हाय. सोड आता. जेवून जा.” पानात भाकरी, वांग्याचं भरीत, आणि तिच्यासाठी मुद्दाम तळलेला पापड. दाजींनी हातावर पाणी घालायला तांब्या धरला. तिनं “मी घेते की” म्हटलं तरी त्यांनी धरला.

जेवण झाल्यावर तिनं भांडी घासायला घेतली, तेवढं मात्र तिला करू दिलं. वाटी तिनं शेवटी घासली. लख्ख केली. आणि पिशवीत न घालता मांडणीच्या वरच्या फळीवर, अक्काच्या वाट्यांच्या उतरंडीत, मधोमध घालून ठेवली. राहू दे इथंच. अक्का तीत कालवण घेईल. कधीतरी आठवण होईल, धुऊन धाडेल. किंवा नाही धाडणार, तेही चालेल. तेच सगळ्यात बरं. हे काही बोलून होणारं काम नव्हतं, हातानंच करायचं होतं. ती बाहेर आली, अक्काच्या हातावर हात ठेवला, “येते” म्हणाली. रस्त्यावर चौफुल्याला जाणारी जीप हॉर्न देत उभी होती. पुढच्या सीटवर तिला जागा धरून दाजी बाहेर थांबले होते. ती चढणार तेवढ्यात मागून अक्काची हाक आली. “थांब गं! वाटी राहिली तुझी.”

मागे वळून पाहिलं तर दारातून आतलं स्वयंपाकघर दिसत होतं. अक्का मांडणीपुढं उभी राहून उतरंडीतल्या एकेका वाटीवरून बोटं फिरवत होती. चष्म्यातून आतलं अंधूक दिसत असावं. एक, दुसरी, मग बोट एका जागी थांबलं, खोदलेल्या अक्षरांवर. तिनं ती ओढून घेतली. साखरेचा डबा काढला. ओतताना एक दाणा सांडला नाही. वरून तळव्यानं सारखी केली, पदरानं कडा पुसली आणि उन्हात डोळे बारीक करत, एक हात भिंतीला लावत, पायरी उतरून आली. “राहू दे की, अक्का,” गौतमी म्हणाली, “इथंच राहू दे.” “आसं कसं? तुझी हाय ती.” “मग रिकामीच दे.” “रिकामी कशी देऊ?” अक्का म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला. अक्कानं वाटी तिच्या दोन्ही हातांत ठेवली, वर फडकं घातलं आणि म्हणाली, “सांभाळून. सांडू नको.”

जीप खड्ड्यातून निघाली. शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर कोंबडीची पाटी, गप्पांना आसुसलेली. तिनं फडक्याचा कोपरा उचलून आत पाहिलं. “साखर व्हय? झ्याक. कुनाकडं गेली व्हतीस गं बाई?” घरी, असं गौतमीच्या ओठांवर आलं होतं. कॉलेजात असताना दौंडच्या गाडीत कुणी विचारलं की ती हेच सांगायची, कुठं चाललीस, तर घरी. रस्ता वळला आणि अंगण दिसेनासं झालं. वाटीतली साखर हिंदकळून एका कडेला आली, तिनं ती बोटानं सारखी केली. “पाहुण्यांकडं,” ती म्हणाली आणि चौफुला येईपर्यंत वाटीवर हात आडवा धरून बसली.